ब्रेस्ट रिडक्शन, क्लेम रिजेक्ट आणि हातात कमी पैसे: काय करता येतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एक ताई, वय 34, विनाअनुदानित शाळेत शिक्षिका, दोन मुलं. छाती खूप जड, मान आणि खांदे कायम भरून येतात, ब्राच्या पट्ट्यांचे खांद्यावर खड्डे पडलेत, उन्हाळ्यात स्तनांखाली पुरळ आणि वास. पुण्यातल्या एका हॉस्पिटलने ब्रेस्ट रिडक्शनचं, म्हणजे स्तन लहान करायच्या ऑपरेशनचं, ट्विन शेअरिंग (दोन पेशंटच्या) रूमसाठी 2 लाख 30 हजारांचं एस्टिमेट दिलं, फॅमिली पॉलिसी 3 लाखांची आहे पण टीपीएने, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या संस्थेने, "कॉस्मेटिक" म्हणजे फक्त दिसण्यासाठीचं म्हणून कॅशलेस नाकारलं. घरचं सगळं मिळून वर्षाचं उत्पन्न सव्वातीन लाख. विचारतायत की स्वस्तात कुठे होईल, आणि कर्ज काढू का.

मी प्लास्टिक सर्जन आहे, शिकले मुंबईत महापालिकेच्या हॉस्पिटलात आणि आता बरीच वर्षं प्रायव्हेटमध्ये करतेय, त्यामुळे दोन्हीकडची बिलं आणि दोन्हीकडच्या रांगा पाहिल्यात. कर्ज काढू नका. निदान आत्ता तरी नको. तुमच्या उत्पन्नात दोन-तीन रस्ते उघडे आहेत जे एस्टिमेट देणाऱ्या काउंटरवर कुणी सांगत नाही, आणि त्या सगळ्या रस्त्यांना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे कागद. तुमचा त्रास आज फक्त तुमच्या तोंडी आहे, कागदावर कुठेच नाही, आणि जे कागदावर नाही ते सरकारी हॉस्पिटल, ट्रस्ट आणि इन्शुरन्स तिघांसाठीही कॉस्मेटिकच असतं.

म्हणून आधी कागदाचं बोलते. मानदुखीसाठी तुम्ही मेडिकलमधून गोळ्या आणून खात असाल, बहुतेक बायका तेच करतात, पण त्याची नोंद राहत नाही. एकदा ऑर्थोपेडिकला दाखवा, मानेचा एक्स-रे, त्याच्या चिठ्ठीवर दुखणं किती महिने आहे ते लिहून घ्या, मग फिजिओथेरपी काही महिने खरोखर करा आणि हजेरीचं कार्ड जपून ठेवा. पुरळासाठी स्किनच्या डॉक्टरकडे जा. इथे जरा थांबून सांगते कारण हे मी आठवड्याला बघते, स्तनाखालच्या घडीत बायका मेडिकलवाल्याने दिलेलं कसलंतरी मिक्स क्रीम लावतात, ज्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉईड तिन्ही असतं. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून बरं वाटतं, पण स्टेरॉईडने तिथली कातडी पातळ होते, ताणाच्या रेघा पडतात, बुरशी दबून पसरते, आणि अशा कातडीवर चीर घ्यायची म्हणजे जखम भरायला उशीर. क्रीम बंद करा, आंघोळीनंतर घडी पूर्ण कोरडी करा, सुती कापडाची पट्टी ठेवा, साधी अँटिफंगल पावडर डॉक्टरला विचारून. आणि पुरळ उठलं असेल तेव्हाच डॉक्टरला दाखवा, बरं झाल्यावर नाही, म्हणजे तपासून लिहिलेली नोंद राहते.

माझ्याकडे एक ताई यायच्या, पोळी-भाजी केंद्रात दिवसभर पोळ्या लाटायच्या, त्यांनी दोन्ही पट्ट्यांखाली रुमालाच्या घड्या पिनेने टोचून ठेवलेल्या असायच्या. घड्या काढल्या की खाली बोट मावेल एवढी खाच आणि तिथली त्वचा काळी पडलेली. तो खांदा मी फोटो काढून फाइलला लावला. तुमच्या डॉक्टरलाही तेच सांगा, खांद्याचे आणि पुरळाचे फोटो, चेहरा न दाखवता, तारखेसह, केस पेपरला. लाज वाटते हे समजतं पण पुढे जो कुणी फाइल बघणार आहे तो तुम्हाला भेटणार नाहीये, त्याला फक्त ती फाइल दिसणार आहे.

आता पैसे. ऑपरेशन जिथे सगळ्यात स्वस्तात होतं ती जागा म्हणजे सरकारी किंवा महापालिकेचं मेडिकल कॉलेज, जिथे प्लास्टिक सर्जरीचा वेगळा विभाग आहे. तुम्हाला जवळचं पुण्याचं ससून. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे. नागपूरकडच्यांना तिथलं सरकारी मेडिकल कॉलेज, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. इथे खर्च हजारांत होतो, लाखांत नाही. एक गोंधळ दूर करते, 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यात सगळं मोफत झालं असं लोक म्हणतात, ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलांना लागू आहे, म्हणजे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, सिव्हिल. मेडिकल कॉलेजं वेगळ्या खात्याकडे आहेत आणि महापालिकेची हॉस्पिटलं महापालिकेकडे, तिथे ठरलेले चार्जेस लागतात, किरकोळ असतात पण लागतात. आणि सिव्हिलमध्ये सहसा प्लास्टिक सर्जन नसतो, त्यामुळे तिथे मोफत आहे म्हणून हे ऑपरेशन करून घ्यायला जाऊ नका.

मेडिकल कॉलेजात काय होतं ते खरं सांगते. प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीचे वार ठरलेले असतात, आधी चौकशी करून जा नाहीतर साताऱ्याहून आलेला दिवस वाया. सकाळी लवकर केस पेपर, मग रेसिडेंट, म्हणजे शिकता शिकता काम करणारा डॉक्टर, तपासतो, मग मोठे डॉक्टर. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, स्तनांची सोनोग्राफी, आणि वय चाळिशीच्या वर असेल तर मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. मग अनेस्थेशियाचं फिटनेस. मग तारीख, आणि ती तारीख पुढे जाणार हे धरूनच चाला. भाजलेले, अपघातातले, कॅन्सरनंतरचे पेशंट तुमच्या आधी घेतले जातात, घ्यायलाच हवेत, त्यामुळे ओटी लिस्टवर (ऑपरेशन थिएटरच्या यादीत) नाव लागून सकाळपासून उपाशी राहूनसुद्धा दुपारी "उद्या" ऐकायला मिळू शकतं. वॉर्डात सोबत बाईमाणूस लागतं, काही सामान बाहेरून आणायला सांगतात, टाके किंवा ऑपरेशननंतर घालायची घट्ट ब्रा वगैरे. शिकणारी मुलं तपासायला असतात, कोण थांबेल आणि फोटो कशासाठी वापरतील हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, स्त्री डॉक्टर हवी असं म्हणायलाही हरकत नाही. पण सर्जरीची क्वालिटी कमी असेल ही भीती मनातून काढा. असे विभाग रोज अवघड केसेस करतात, रिडक्शन त्यांच्यासाठी नेहमीचं काम आहे, आणि ऑपरेशन टेबलपाशी शिकवणारे सिनियर असतात.

ओपीडीत "साइज कमी करायची आहे" असं तोंड उघडू नका. तेवढंच ऐकलं की गर्दीतला रेसिडेंट कॉस्मेटिक लिहून पुढच्या पेशंटकडे वळतो, त्याला दोष नाही, त्याच्यापुढे शंभर जण असतात. "दोन वर्षं मान दुखते, फिजिओ केलं, फरक नाही, खाली वारंवार बुरशी होते, हे कागद" असं बोला. केस पेपरवरची पहिली ओळ जी पडते तीच पुढे सगळीकडे कॉपी होत जाते.

दुसरा रस्ता तुमच्यासाठी मला जास्त जवळचा वाटतो, धर्मादाय हॉस्पिटल. मुंबई हायकोर्टाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 41 कक खाली येणाऱ्या ट्रस्ट हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धनसाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 80 हजार, दुर्बल घटकासाठी 3 लाख 60 हजार. तुम्ही दुसऱ्यात बसता. यासाठी हॉस्पिटल आपल्या बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या फंडात टाकतं, म्हणजे ते तुमच्यावर उपकार करत नाहीयेत. पुण्यातली बरीच मोठी नावं, रुबी, जहांगीर, दीनानाथ, पुण्याचं केईएम (मुंबईचं नव्हे), ही सगळी ट्रस्टचीच आहेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड आधी काढून ठेवा, आणि बिलिंग काउंटरला न जाता थेट सोशल वर्करला भेटा. धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाईटवर खाटा किती रिकाम्या आहेत तेही दिसतं. ॲडमिट झाल्यावर दाखला दाखवला तर वाद होतो, आधी दाखवा आणि सवलत किती ते लेखी घ्या. इथेसुद्धा "हे कॉस्मेटिक आहे, योजनेत नाही" असं उत्तर येऊ शकतं, तेव्हा ती वर सांगितलेली फाइल आणि त्यांच्याच प्लास्टिक सर्जनची चिठ्ठी उपयोगी पडते. सर्जनने मनावर घेतलं तर सोशल वर्करचं काम सोपं होतं, हे आतल्या माणसाचं बोलणं समजा.

डीम्ड युनिव्हर्सिटीची (अभिमत विद्यापीठांची) मेडिकल कॉलेजंही विसरू नका, त्यांना शिकवायला पेशंट हवे असतात त्यामुळे जनरल वॉर्डचे दर बरेच खाली असतात. कराड, सांगली, पिंपरी या पट्ट्यात अशी कॉलेजं आहेत, फोन करून प्लास्टिक सर्जरी विभाग आहे का आणि पूर्णवेळ सर्जन आहे का एवढंच विचारा.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान, यांच्याकडून फार आशा ठेवू नका. कुटुंबाला 5 लाखांचं कव्हर ऐकून लोक धावतात पण तिथे ठरलेल्या पॅकेजचीच ऑपरेशनं होतात आणि आयुष्मानमध्ये कॉस्मेटिक वगळलेलं आहे. हॉस्पिटलात बसलेल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, एकदा विचारून घ्या आणि नाही म्हणाला तर तिथे वेळ घालवू नका. सिद्धिविनायक न्यास, टाटा ट्रस्ट वगैरे वैद्यकीय मदत करतात पण कॅन्सर, हृदय, किडनीच्या पेशंटपुढे आपला नंबर मागेच, आणि तसाच असावा.

आता ते 2 लाख 30 हजारांचं एस्टिमेट. बिलात सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ओटी चार्जेस, सामान, औषधं, रूम, काढलेल्या टिश्यूची तपासणी असं सगळं असतं. बहुतेक प्रायव्हेट हॉस्पिटलांत सर्जनची फी, भुलेची फी, ओटी सगळं तुम्ही कुठल्या वर्गाची खाट घेता त्यावर ठरतं. तेच टेबल, तोच सर्जन, तीच सुई, पण ट्विन शेअरिंगचा पेशंट जनरल वॉर्डच्या पेशंटपेक्षा प्रत्येक ओळीत जास्त देतो. राहायचं असतं एक किंवा दोन रात्री. जनरल वॉर्डचं एस्टिमेट मागा, मग मोठं हॉस्पिटल सोडून तोच सर्जन कुठल्या छोट्या नर्सिंग होममध्ये ऑपरेट करतो का ते विचारा, आम्ही बहुतेक जण दोन-तीन ठिकाणी करतो. भुलेची सोय, रक्ताची सोय आणि रात्री डॉक्टर हजर, एवढं तिथे असलं पाहिजे, बाकी लॉबीत कारंजं नसलं तरी चालतं. मी पाहिलेल्या हिशोबात तेच ऑपरेशन अशा जागी सव्वा ते दीड लाखात बसू शकतं.

आणखी एक ओळ बघा, जीएसटी. उपचारांना जीएसटी नाही, पण कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीला 18 टक्के लागतो, जन्मजात दोष, वाढीतला दोष, इजा किंवा अपघात यामुळे बिघडलेली रचना किंवा कार्य दुरुस्त करायचं असेल तर सूट आहे. वयात येतानाच स्तन बेसुमार वाढले अशी केस असेल तर सर्जनने निदान तसं लिहिणं योग्यच आहे. दोन लाखांवर छत्तीस हजार म्हणजे थोडे नाहीत. एस्टिमेटमध्ये टॅक्स धरलाय का आणि कुठल्या आधारावर, हे आधी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

जिथे पैसे वाचवायचे नाहीत ती जागा सर्जन. एमएस नंतर एमसीएच प्लास्टिक सर्जरी किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी, याखेरीज कुणी नको, मग तो "कॉस्मेटॉलॉजिस्ट" असो की "एस्थेटिक एक्स्पर्ट". महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन तपासता येतं, असोसिएशन ऑफ प्लास्टिक सर्जन्स ऑफ इंडियाचीही मेंबर यादी आहे. इन्स्टावर "फक्त लिपोसक्शनने रिडक्शन, टाके नाहीत, एका दिवसात घरी" अशा ऑफर येतात; लिपोसक्शन म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं. ज्यांच्या स्तनात चरबी जास्त आणि ओघळलेपण कमी अशा थोड्या बायकांना लिपो चालतं, पण दोन मुलं झालेल्या, ओघळलेल्या, जड स्तनांत नुसतं आतलं काढलं की रिकामी पिशवी लोंबते आणि मग दुसरं ऑपरेशन. 15 जुलैला प्लास्टिक सर्जरी दिवस असतो, त्या सुमारास काही विभाग आणि सर्जन मोफत तपासणी, कधी सवलतीत ऑपरेशन ठेवतात, तिकडे लक्ष ठेवा.

इन्शुरन्सबद्दल आता. नकार म्हणजे शेवट नाही, पण उगाच आशाही लावत नाही. भारतात आरोग्य विम्याच्या पॉलिसींत कॉस्मेटिक सर्जरीचं जे ठरलेलं एक्स्क्लूजन, म्हणजे वगळण्याचं कलम, असतं, कोड 08, त्यात तीन अपवाद सरळ आहेत, अपघात, भाजणं, कॅन्सर. चौथा असा की तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा उपचार, आणि तसं उपचार करणाऱ्या डॉक्टरने सर्टिफाय केलेलं असलं पाहिजे. घोडं अडतं ते "तातडीचा" या शब्दावर. मानदुखीला ते तातडीचं मानत नाहीत. पण वारंवार जखमा होऊन पू होणं, मधुमेहात घडीतलं इन्फेक्शन न आटपणं, हातात मुंग्या येणं, असं काही असेल आणि कागदावर असेल तर लढायला जागा आहे. नकार लेखी मागा, कलमाच्या नंबरासकट. मग कंपनीच्या ग्रीव्हन्स म्हणजे तक्रार विभागाला लिहा, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी, एक वर्षाच्या आत, फी नाही, वकील लागत नाही. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे ऑफिस आहे. तुमची पॉलिसी शाळेची किंवा यजमानांच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर तिच्या अटी वेगळ्या असू शकतात, मूळ कागद मागून वाचा.

एक गोष्ट कुणी सुचवली तरी करू नका. "आपण गाठ काढली असं दाखवू, क्लेम होऊन जाईल." असं सुचवणारे आहेत. ही सरळ फसवणूक आहे, पकडलं की क्लेम तर जातोच, पॉलिसी रद्द होते, आणि उद्या खरंच गाठ निघाली तर तुमच्या रेकॉर्डवर खोटी गाठ आधीच बसलेली.

अमेरिकेतल्या मराठी मैत्रिणीही मला हेच विचारतात. तिकडे बऱ्याच कंपन्या किती ग्रॅम काढणार यावर ठरवतात, कुठे प्रत्येक बाजूला 500 ग्रॅम, कुठे 1991 चा श्नुर स्केल, ज्यात शरीराच्या आकारमानाप्रमाणे ग्रॅम ठरतात. बारीक बाईला सरसकट 500 ग्रॅमच्या अटीमुळे कधी कधी अन्याय होतो. डिसेंबरच्या सुट्टीत इकडे येऊन करायचं असेल तर तीन-चार आठवडे राहायची तयारी ठेवा, टाके नीट व्हायच्या आत सोळा तासांचं विमान नको, पायात गुठळी व्हायचा धोका असतो.

परत तुमच्याकडे. तारीख मिळेपर्यंतचे महिने वाया घालवू नका, या काळात जे कराल त्याने बिलही कमी होतं. तंबाखू, आणि हो, मिश्रीसुद्धा. शिक्षिकेला विचारते म्हणून रागावू नका, मी सगळ्यांना विचारते, कारण दात घासायची मिश्री व्यसन आहे असं कुणाला वाटतच नाही, पण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि या ऑपरेशनमध्ये निपल एका पातळ देठावरच्या रक्तपुरवठ्यावर जगवायचं असतं. किमान चार ते सहा आठवडे आधी बंद, नंतरही तेवढेच. हिमोग्लोबिन कमी असेल तर आत्ताच लोहाच्या गोळ्या. शुगर असेल तर ताब्यात. वजन जास्त असेल तर आधी जेवढं उतरेल तेवढं उतरवून ते काही महिने स्थिर ठेवा, नाहीतर ऑपरेशननंतर उतरवलं की आकार पुन्हा बिघडतो. एवढ्या वजनाने पळायला जमत नाही हे मला माहीत आहे, पोहणं किंवा सायकल बघा. आणि बरोबर मापाची रुंद पट्ट्यांची ब्रा घ्या, आपल्याकडे बायका कप मिळत नाही म्हणून घेर वाढवत जातात, 36 च्या जागी 42, मग सगळा भार पट्ट्यांवर. नीट ब्राने दुखणं थोडं तरी कमी होतं, काहींना ऑपरेशन पुढे ढकलण्याइतकं.

आणखी मूल हवं असेल तर आत्ता थांबा, नंतर अंगावर पाजता येईलच अशी खात्री देता येत नाही. व्रण राहतात, निपलभोवती, खाली सरळ आणि घडीत आडवा, पहिलं वर्ष लालसर दिसतात. निपलची संवेदना कमी होऊ शकते. दोन रेषा खाली जिथे मिळतात तिथे जखम थोडी उघडणं बऱ्यापैकी होतं, ड्रेसिंगने भरतं, पण त्यासाठी फेऱ्या लागतात, म्हणून खर्चात पुण्याच्या फेऱ्या आणि ड्रेसिंगही धरा. घरी सासूबाई किंवा यजमान "हे काय ऑपरेशन असतं का" म्हणत असतील तर एकदा यजमानांना ओपीडीत बरोबर आणा, डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की घरातला सूर बदलतो, आणि नंतर सहा आठवडे हंडा, मुलं, गॅस सिलिंडर उचलायचा नाही हेही त्यांनीच ऐकलेलं बरं.

शाळेच्या सुट्टीचं म्हणाल तर मे महिना टाळा, त्या उकाड्यात चोवीस तास घट्ट ब्रा आणि ताजे टाके म्हणजे हाल, दिवाळीची सुट्टी आणि त्याला जोडून रजा जास्त बरी. काढलेला टिश्यू तपासायला गेलाच पाहिजे, सरकारी असो की प्रायव्हेट, आणि तो रिपोर्ट मागून घ्या, दोन्ही बाजूंनी किती ग्रॅम काढलं तेही डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. पुढे लोकपालाकडे गेलात तरी ते आकडे लागतात, आणि दहा वर्षांनी मॅमोग्राफीत आतला एखादा व्रण दिसला तर ती करणाऱ्यालाही लागतात.